एकाच बसकरपट्टीवर

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

सोलापूरचे वर्णन करताना आपण 'बहुभाषिक शहर' हा शब्द मोठ्या अभिमानाने वापरतो, आणि तो खोटाही नाही. पूर्व भागातल्या एखाद्या बोळातून सकाळी चालत गेले तर यंत्रमागांच्या खडखडाटातून तेलुगू बोल कानावर येतात. काही चौक ओलांडले की कन्नड सुरू होते, त्यापुढे दखनी उर्दू, आणि मंडईत या सर्वांनी मिळून घडवलेली आपली सोलापुरी मराठी. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, नवरात्रात बतकम्मा, मोहरमचे पंजे; वर्षभर कुठल्या ना कुठल्या गल्लीत काही तरी चाललेले असते.

परंतु शेजारी राहणे वेगळे आणि शेजाऱ्याला ओळखणे वेगळे. बतकम्माची फुले का रचतात हे आपल्या वर्गातील किती मराठी मैत्रिणींना सांगता येईल? किंवा रमजानच्या महिन्यात शेजारच्या बाकावरचा मित्र दिवसभर पाणीही का पीत नाही, हे त्याला कधी कोणी आपुलकीने विचारले आहे काय? पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत आपण एकमेकांशेजारी बसत आलो, तरी ही ओळख राहूनच गेली. मग ती व्हायची कधी? मला वाटते, ती पहिली ते चौथीच्या वर्गात, बसकरपट्टीवर मांडीला मांडी लावून बसण्याच्या वयातच व्हायला हवी. ती आपोआप मात्र होत नाही, घडवावी लागते. ती का आणि कशी घडवावी, याचा विचार या लेखात केला आहे.

या विषयाकडे मी वळले त्याचे कारण सांगते. मी स्वतः तेलुगू बोलणाऱ्या घरातली. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी, आणि माझी शाळा मराठी माध्यमाची. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला मदत करण्यासाठी मी दर आठवड्याला जात असे. वर्ग मराठी माध्यमाचा, पण निम्म्याहून अधिक मुलांची घरची भाषा मराठी नव्हती. काही तेलुगू, काही कन्नड, काही उर्दू, दोघी बहिणी लमाण तांड्यावरून आलेल्या, आणि एक मुलगा कामासाठी बिहारमधून आलेल्या कुटुंबातला. तिथे जे पाहिले आणि मानसशास्त्राच्या अभ्यासात जे वाचले, ते एकमेकांना ताडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मुलांना भेद कळतो का?

"लहान मुलांच्या मनात भेदभाव नसतो, तो मोठ्यांच्या मनात असतो," असे आपण सहज म्हणून जातो. हे अर्धेच खरे आहे. लहान मुलांना फरक फार लवकर दिसतो. कोणाचा वर्ण कसा, कोणाचे बोलणे कसे, कोणाच्या डब्यात काय, कोणाच्या कपाळाला काय, हे सारे पाच-सहा वर्षांच्या मुलाने कधीच टिपलेले असते. फरक दिसणे हा दोष नव्हे. त्या फरकाला उच्च-नीचतेचा अर्थ चिकटला की भेदभाव सुरू होतो, आणि तो अर्थ मूल घरातून, गल्लीतून आणि शाळेतूनही उचलते.

अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ पती-पत्नींनी १९४० च्या सुमारास केलेला बाहुल्यांचा प्रयोग आपल्या अभ्यासक्रमात येतो. तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, असे विचारल्यावर पुष्कळ मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. शाळांमधील वर्णभेद बेकायदेशीर ठरवणारा तेथील सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा प्रसिद्ध निकाल देताना या संशोधनाचीही दखल घेतली गेली. या प्रयोगातली खरी चटका लावणारी गोष्ट अशी की, मूल दुसऱ्याला कमी लेखायला शिकते त्याच वयात ते स्वतःलाही कमी लेखायला शिकते.

याची खूण आपल्याकडे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मी जात असे त्या वर्गातला एक मुलगा, शाळा सुटल्यावर आई फाटकाशी दिसली की धावत जाऊन तिचा हात धरी आणि तिला ओढतच कोपऱ्यापर्यंत नेई. तिने तिथे तेलुगूत हाक मारू नये, एवढाच त्याचा हेतू. त्याला कोणी मारले नव्हते, कोणी रागावलेही नव्हते. फक्त दोन-तीनदा त्याच्या आईच्या बोलण्याची नक्कल झाली होती आणि वर्ग हसला होता. आठ वर्षांच्या मुलाला आपल्या आईचा आवाज लपवावासा वाटणे, ही माझ्या दृष्टीने या विषयातील सर्वांत गंभीर गोष्ट आहे. गणितात नापास झालेले मूल पुढच्या वर्षी पास होते. आपल्या घराची लाज वाटू लागलेले मूल ती लाज किती वर्षे बाळगते, याचे उत्तर कुठल्याच प्रगतिपुस्तकात नसते.

एकत्र बसवणे पुरेसे आहे का?

यावर सर्वसाधारण उत्तर असते: मुलांना एकत्र बसवा, म्हणजे सगळे ठीक होईल. या समजुतीची परीक्षा मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, मुलांच्या एका उन्हाळी शिबिरात घेतली. साधारण अकरा वर्षे वयाच्या, एकमेकांना अनोळखी अशा २२ मुलांचे दोन गट केले. वंश, धर्म, आर्थिक स्थिती, साऱ्या बाबतींत ही मुले सारखीच होती. तरीही स्पर्धांचे सामने सुरू होताच दोन्ही गटांत शिवीगाळ, झेंडे जाळणे, खोल्यांवर छापे घालणे सुरू झाले. मग त्यांना एकत्र जेवायला आणि चित्रपट पाहायला बसवले. परिणाम उलटा झाला. पंगतीत अन्नच फेकाफेकीला उपयोगी पडले. वैर निवळले ते पुढे. शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडला आणि सर्वांनी मिळून दोष शोधावा लागला, बंद पडलेली गाडी सर्वांनी मिळून दोराने ओढावी लागली, तेव्हा.

त्याच वर्षी गॉर्डन ऑलपोर्ट यांचा पूर्वग्रहावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. दोन गटांच्या संपर्कातून पूर्वग्रह कमी व्हायचा असेल तर चार गोष्टी हव्यात, असे त्यांनी मांडले. संपर्कात येणाऱ्यांचा दर्जा बरोबरीचा असावा, त्यांच्यापुढे समान उद्दिष्ट असावे, ते गाठण्यासाठी परस्पर सहकार्य लागावे, आणि या साऱ्याला अधिकारी व्यक्तीचा उघड पाठिंबा असावा. वर्गापुरते बोलायचे तर अधिकारी व्यक्ती म्हणजे बाई किंवा गुरुजी.

हे परदेशातील झाले. आपल्या देशातही अलीकडे असे अभ्यास झाले आहेत. २००७ पासून दिल्लीतील अनेक बड्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी काही जागा ठेवणे भाग पडले. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्याचा परिणाम तपासला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध केला. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुले अधिक उदार झाली आणि धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलांना कमी टाळू लागली. त्यांच्या हिंदी व गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही, इंग्रजीत मात्र किंचित घट दिसली. या अभ्यासातील मला महत्त्वाचा वाटलेला भाग पुढचा आहे. काही शाळांत अभ्यासगट नावाच्या पहिल्या अक्षरावरून पाडले जात, त्यामुळे कोण कोणाच्या गटात येईल हे केवळ योगायोगाने ठरे. ज्यांच्या गटात गरीब मूल आले, त्यांच्यात बदल अधिक दिसला. म्हणजे एका वर्गात असण्यापेक्षा एका गटात काम करण्याला मोल आले.

मॅट लोव यांनी उत्तर प्रदेशातील तरुणांच्या क्रिकेट सामन्यांवर केलेला अभ्यास (२०२१) याच दिशेने बोट दाखवतो. भिन्न जातींचे तरुण एकाच संघातून खेळले तेव्हा त्यांच्यात मैत्री वाढली. परस्परविरोधी संघांतून समोरासमोर आले तेव्हा तसे घडले नाही, उलट काही बाबतींत अंतर वाढले. हे खेळाडू काही लहान मुले नव्हती, पण शिक्षकाने यावरून घ्यायचा धडा सरळ आहे. एकमेकांविरुद्ध उभे करणारी चढाओढ कमी आणि एकमेकांवाचून अडणारे काम अधिक.

आपल्याच मातीतील धडे

हा विचार आपल्याला परकाही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विविध समाजांसाठी वसतिगृहे काढून दिली. ज्या काळात एका जातीच्या मुलाने दुसऱ्या जातीच्या घरी पाणी पिणे कठीण होते, त्या काळात शिक्षणाचे दार उघडण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या वातावरणात वाढलेले. त्यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा पुढचे पाऊल टाकले. सर्व जातिधर्मांची मुले एकाच छपराखाली राहू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे नामकरण 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे झाले. इथे मुलांना समतेवर व्याख्याने देऊन भागवले गेले नाही. भाकरी त्यांनीच भाजायच्या, पाणी त्यांनीच भरायचे, भांडी त्यांनीच घासायची. ऑलपोर्ट यांचा ग्रंथ निघण्याच्या तीस वर्षे आधी त्यांच्या चारही अटी साताऱ्यातील त्या स्वयंपाकघरात पुऱ्या होत होत्या, असे म्हटले तर ते धाडसाचे होणार नाही.

दुसरा धडा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम केले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. जे मूल गुरांमागे कुरणात जाते त्याच्यासाठी कुरणशाळा काढली. साधने म्हणून पाने, बिया, शिंपले, जे मुलाच्या हाताला रोज लागते तेच वापरले. कर्मवीरांनी मुलांना एकमेकांजवळ आणले. या दोघींनी शाळेला मुलाच्या घराजवळ आणले. वर्गातील परस्पर-समज या दोन पायांवर उभी राहते असे मला वाटते.

घरची भाषा: वर्गातील पहिली ओळख

भाषेपासून सुरुवात करणे मला सर्वांत आवश्यक वाटते. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून अधिक लोक बोलतात अशा १२१ भाषांची नोंद झाली. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम '३५० क' १९५६ साली राज्यघटनेत घातले गेले. शिक्षणहक्क कायदा (२००९) शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवा असे सांगतो. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने (२००५) वर्गातील अनेक भाषांकडे अडचण म्हणून न पाहता साधन म्हणून पाहायला सांगितले, आणि नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण (२०२०) घरच्या भाषेवर भर देते. पण ज्या एका वर्गात पाच भाषांची मुले आहेत, तिथे एकट्या शिक्षिकेने काय करायचे? पाचही भाषांतून शिकवणे तिला शक्य नाही. पाचही भाषांना वर्गात जागा देणे मात्र शक्य आहे.

मी पाहिलेला एक साधा उपक्रम सांगते. फळ्याच्या बाजूच्या भिंतीवर बाईंनी एक मोठा कागद लावला होता. रोज एकच मराठी शब्द वर लिहायचा आणि ज्याच्या घरी त्याला वेगळे म्हणतात त्याने तो सांगायचा. बाई तो देवनागरीत लिहीत. 'पाणी' हा शब्द आला तेव्हा तेलुगू मुलांनी 'नीळ्ळु' सांगितले, कन्नड मुलांनी 'नीरु'. लगेच एका मुलीला आठवले की मराठी कवितेतही पाण्याला 'नीर' म्हणतात. 'मीठ' आले तेव्हा तेलुगू आणि कन्नड मुले एकदमच "उप्पु!" म्हणून ओरडली आणि एकमेकांकडे आश्चर्याने पाहू लागली. आपण दोघे एका बाबतीत सारखे आहोत, हा शोध त्यांचा त्यांनी लावला होता. 'आई' आली तेव्हा अम्मा, अव्वा, अम्मी, माई असे शब्द येत गेले, आणि तोवर वर्गात फारसे न बोललेल्या तांड्यावरच्या थोरल्या बहिणीने हळूच "याडी" असे सांगितले. बाईंनी तो शब्द तिलाच मोठ्याने म्हणायला लावला आणि मग सगळ्या वर्गाने म्हटला. त्या दिवशी मराठीचा तास पाच मिनिटांनी लांबला, एवढेच काय ते नुकसान.

याच्याच पुढची पायरी म्हणजे मराठी भाषेचे घर उघडून दाखवणे. दप्तर आणि कागद फारसीतून आले, खुर्ची अरबी-फारसीतून, चावी, पगार आणि बटाटा पोर्तुगीजांबरोबर, तूप, अक्का आणि अण्णा कन्नडमधून, आणि पेन इंग्रजीतून. म्हणजे दप्तरात पेन आणि कागद घालून खुर्चीजवळ ठेवणारे मूल एका वाक्यात तीन-चार भाषा बोलत असते. चौथीच्या मुलाला हे सांगितले तर त्याला गंमत वाटते. पण त्या गमतीतून एक फार मोठी गोष्ट त्याच्या मनात उतरते: आपली भाषा इतरांकडून घेत आणि इतरांना देतच मोठी झाली आहे.

नावांबद्दलही येथेच सांगते. मुलाचे नाव त्याच्या घरी उच्चारतात तसेच शिक्षकाने उच्चारावे. लांब वाटणारी तेलुगू आडनावे तोडून-मोडून घेणे, हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या गावाच्या किंवा प्रांताच्या नावाने हाक मारणे, यात कोणाचा वाईट हेतू नसतोही. पण हजेरी रोज होते आणि मूल रोज ऐकते.

एकमेकांवाचून अडणारे काम

१९७१ साली अमेरिकेतील ऑस्टिन शहरात गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवले गेले आणि तिथे मारामाऱ्या सुरू झाल्या. तेव्हा एलियट ॲरनसन यांनी एक पद्धत आखून दिली. चित्रांचे तुकडे जुळवण्याच्या खेळासारखी ती असल्यामुळे तिला 'जिगसॉ' असे नाव पडले. वर्गाचे पाच-सहा मुलांचे मिश्र गट करायचे. धड्याचे तितकेच भाग करून प्रत्येकाला एकेक द्यायचा. सर्व गटांतील एकच भाग मिळालेली मुले एकत्र बसून तो भाग पक्का करतात, मग आपापल्या गटात परतून इतरांना शिकवतात. परीक्षा साऱ्या धड्यावर. म्हणजे जो अडखळत बोलतो त्याला हसून चालत नाही. त्याच्याकडचा भाग दुसऱ्या कोणाकडे नसतो. या पद्धतीने मुलांची एकमेकांविषयीची आवड वाढली आणि मागे पडलेल्या मुलांची प्रगतीही सुधारली, असे आढळले.

आपल्या चौथीच्या वर्गासाठी 'चादरीची गोष्ट' असा पाठ याच रीतीने घेता येईल. एकाने कापूस कुठून येतो हे शिकावे, दुसऱ्याने सुताला रंग कसा देतात, तिसऱ्याने उभे-आडवे धागे आणि धोटा कसा चालतो, चौथ्याने चादर बाजारात कशी विकली जाते. येथे एक पथ्य पाळायला हवे. ज्याच्या घरी माग आहे त्यालाच मागाचा भाग आणि ज्याच्या घरी दुकान आहे त्यालाच बाजाराचा, असे करू नये. त्याने मूल पुन्हा बापाच्याच व्यवसायाला बांधले जाते. उलट दुकानदाराच्या मुलीला मागाचा भाग द्यावा, म्हणजे ती विणकराच्या घरातल्या मित्राला प्रश्न विचारील आणि त्याच्या घरच्या ज्ञानाला वर्गात किंमत येईल.

पहिली-दुसरीच्या मुलांना वाचता येत नाही म्हणून अडण्याचे कारण नाही. चौघांत एकच रंगपेटी देऊन एकच चित्र काढायला सांगणे, दोघांनी मिळून पाण्याची बादली न सांडता कुंड्यांपर्यंत नेणे, आजीकडून ऐकलेली गोष्ट शेजाऱ्याला सांगणे आणि मग शेजाऱ्यानेच ती वर्गाला सांगणे, असे खेळ पुरतात. शेवटचा खेळ मला विशेष वाटतो, कारण दुसऱ्याची गोष्ट सांगायची तर आधी ती नीट ऐकावी लागते.

सणाचा दिवस आणि रोजची पंगत

शाळांत 'विविधतेत एकता' म्हणजे बहुधा वेशभूषेचा कार्यक्रम असतो. एक मुलगा पंजाबी होतो, एक मुलगी काश्मिरी होते, फोटो निघतात. त्यात आनंद आहे, पण समज फारशी नाही. वर्गातील कन्नड मुलीला राजस्थानी घागरा घालून उभे करताना तिच्या आजीचे इरकल लुगडे कोणालाच आठवत नाही. लांबची संस्कृती कागदी फुलांसारखी सजवायला सोपी असते, शेजारच्या गल्लीतली संस्कृती जिवंत असल्याने तिच्याकडे जावे लागते. एखाद्या पालकाला वर्गात बोलावून त्यांचा सण, त्यांचे काम, त्यांचे गाणे ऐकावे, याने अधिक साधेल. मात्र "तुमच्यात काय करतात रे?" असे भर वर्गात एकाला उभे करून विचारू नये. मूल म्हणजे त्याच्या समाजाचा वकील नव्हे. त्याला आपणहून सांगावेसे वाटेल असे वातावरण करणे आपल्या हाती आहे.

शिवाय आपल्या देशात फरक हा केवळ संस्कृतीचा नसतो, तो पायरीचाही असतो. बतकम्मा आणि ईद यांची ओळख करून दिली म्हणजे जातीचा प्रश्न सुटत नाही. यासाठी शाळेतील रोजचे व्यवहार पाहावे लागतात. पाण्याचा हंडा कोण भरतो, वर्ग कोण झाडतो, बाईंचा निरोप घेऊन दुसऱ्या वर्गात कोण जातो, आणि दुपारच्या खिचडीच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने शाळेत शिजवलेले अन्न देणे बंधनकारक केले, आणि २००४ साली स्वयंपाकासाठी नेमणुका करताना दलित व आदिवासींना प्राधान्य देण्यास सांगितले. हा आदेश भुकेसाठी होता तसाच पंगतीसाठीही होता. एका ताटलीच्या अंतरावर बसून रोज जेवणे, ही समतेची अशी शिकवणी आहे की तिला वेगळी तासिका लागत नाही. पण त्यातही शिक्षकाची नजर हवी. पाळीपाळीने वाढणे, पाळीपाळीने झाडणे, आणि ही पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावणे, म्हणजे कोणते काम कोणाचे हा प्रश्नच उरत नाही.

आक्षेप आणि उत्तर

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, "अभ्यासक्रम कधी संपवायचा?" वर सांगितलेले उपक्रम पाहिले तर त्यांतील बहुतेक भाषेच्या, परिसर अभ्यासाच्या किंवा कार्यानुभवाच्या तासातच बसतात. ज्या मुलाला वर्ग आपला वाटतो ते मूल शाळेत टिकते, आणि टिकलेल्या मुलालाच अभ्यासक्रम शिकवता येतो. दुसरा आक्षेप, "लहान मुलांपुढे भेदाची चर्चाच कशाला? त्यांना नसलेले सुचेल." मुलांना ते सुचलेलेच असते, हे आपण पाहिले. आपण गप्प बसलो तर बोलायचे काम गल्ली करते. कोणी नक्कल केली तर नक्कल करणाऱ्याला छडी मारून प्रश्न मिटत नाही. "तुला त्या भाषेत मोजता येते का? चल, त्याच्याकडून दहापर्यंत शिकून ये," असे सांगितले तर हसणारा शिकणारा होतो आणि ज्याला हसले तो शिकवणारा होतो.

एका प्रयोगाबद्दल मात्र सावधगिरीचा शब्द सांगितला पाहिजे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ रोजी, जेन इलियट या शिक्षिकेने आयोवा राज्यातील आपल्या तिसरीच्या वर्गाची निळ्या आणि तपकिरी डोळ्यांवरून वाटणी केली आणि एका गटाला दिवसभर श्रेष्ठ ठरवले. काही तासांतच मुले तसे वागूही लागली. भेद किती लवकर शिकवता येतो हे यातून जगाला कळले. तथापि आठ वर्षांच्या मुलांना अपमानाची चव मुद्दाम द्यावी का, यावर आजही वाद आहे, आणि मला स्वतःला तो मार्ग पटत नाही. आपल्या वर्गातील अनेक मुलांनी ती चव आधीच घेतलेली असते. त्यांना हवी आहे ती बरोबरीने काम करण्याची आणि ऐकले जाण्याची चव.

साने गुरुजींनी 'आंतरभारती'चे स्वप्न पाहिले, ते प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, एकमेकांना समजून घ्यावे म्हणून. त्या स्वप्नाची एक छोटी आवृत्ती प्रत्येक सोलापुरी वर्गात आयतीच बसलेली आहे. त्यासाठी कोणाला प्रवासाला जावे लागत नाही.

आपल्यापैकी अनेक जण पदवीनंतर अध्यापनाकडे वळतील. काही जिल्हा परिषदेच्या शाळांत जातील, काही शहरातील शाळांत, आणि काही उसाच्या फडाशेजारी तळ पडलेल्या मुलांना शिकवतील. पहिल्या दिवशी तुमच्या हाती हजेरीपट येईल. त्यातील नावे वाचण्यापूर्वी प्रत्येक मुलाला त्याचे नाव घरी कसे घेतात ते विचारा आणि तसेच लिहून ठेवा. मग विचारा, घरी पाण्याला काय म्हणतात. सुरुवात एवढ्यानेच करता येते. त्याला साहित्य लागत नाही, अनुदान लागत नाही, परिपत्रकाचीही वाट पाहावी लागत नाही.